आतलं चाक, बाहेरचं चाक

चिचिकोच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र,
त्यावर माझ्या डेलिकाचं मागचं डिफरन्शियल,
पोट उघडून ठेवलेलं, काळ्या तेलात निथळणारं.
शेजारी पावाचा तुकडा, लसूण घातलेलं मीठ.
तो जेवताना शिकवतो. शिकवताना जेवतो.

"बैलगाडीला हे लागत नव्हतं," म्हणाला.
"दोन्ही चाकं आसावर मोकळी,
ज्याला जेवढं फिरायचं तेवढं ते फिरायचं.
पंचाईत झाली, ती आसानंच ढकलायचं ठरवलं तेव्हा."

वळणावर बाहेरच्या चाकाला लांबचा रस्ता,
आतल्याला जवळचा,
आणि पोचायची वेळ दोघांना एकच.
एका दांड्यात जखडलं तर कुणीतरी घासणार,
नाहीतर दांडा पिळवटणार.
म्हणून मधे ही दातेरी पोरं.
चिचिकोनं एक उचलून करंगळीवर फिरवलं.
सरळ रस्त्याला ती गप्प बसून असतात,
नुसती वाहून नेली जातात.
वळण आलं की स्वतःभोवती फिरू लागतात :
आतल्याचं जेवढं कमी झालं
तेवढंच बाहेरच्याला जास्त.
एका दाताची लबाडी नाही.

"आणि जोर?"
"जोर दोघांना सारखा. नेहमीच सारखा.
तिथंच तर मेख आहे."

मेख मला मे महिन्यात कळली,
उश्गुलीच्या अलीकडे, काला गावाच्या चढावर.
मागे शाळेतल्या मारेखीबाई,
मांडीवर कोंबडीच्या पिल्लांचं खोकं,
आणि गाडी जपानची, म्हणून मी उजवीकडे, थेट दरीवर.
मागचं डावं चाक वितळल्या बर्फाच्या राड्यात,
पुढचं उजवं ओढ्यातल्या गुळगुळीत दगडावर.
उरलेली दोन कोरड्या, खरबरीत पाटीवर,
धडधाकट, आणि ढिम्म.
चारही चाकांची गाडी म्हणून मी भाडं जास्त घेते.
फिरत होती दोन, तीही जागच्या जागी.

मधला खटका ओढला,
पुढचा आस मागच्याशी बांधून टाकला.
तरी तेच. दोन्हीकडे एकेक घसरणारा होताच.
चिखलातल्या चाकाला पेलायला काही नव्हतं,
ते नुसतंच गरगरत होतं,
आणि पाटीवरच्याला मिळत होतं
त्याच्याइतकंच. सारखं.
सारखं म्हणजे किती थोडं असू शकतं,
हे मी खिडकीतून मान काढून बघत होते.
पिल्लं चिवचिवत होती. खाली एंगुरी.

मग आठवलं. हँडब्रेक.
तीन टकटक, जास्त नाही.
रिकाम्या फिरणाऱ्याला जरा अडवायचं,
त्याला काहीतरी ओढायला द्यायचं.
तो कष्टू लागला की पलीकडच्यालाही तेवढंच द्यावं लागतं.
अॅक्सिलरेटर हळू.
पाटी करकरली. गाडी एक वीत सरकली,
मग हातभर,
मग मारेखीबाई म्हणाल्या, "चला, माझ्या पोरांना भूक लागली."

परतताना विसरले.
मेस्तियाजवळचा नवा डांबरी रस्ता, कोरडा खणखणीत,
आणि पहिल्याच वळणावर गाडी कण्हली,
अडखळली, म्हाताऱ्या खेचरासारखी.
बांधलेलं सोडलंच नव्हतं.
जे चिखलात तारतं ते डांबरावर मोडतं.
खटका ढकलला. आत कुठेतरी ठक्‌ झालं,
जसं कुणी ओठ घट्ट मिटून बराच वेळ बसलेलं असावं
आणि शेवटी श्वास सोडावा.

रात्री जोकियाचा फोन.
व्रोत्सवाफच्या गोदामातून, तिकडे दोन तास मागे.
बारा वर्षं तो लांबचा रस्ता तुडवतोय.
मी मेस्तिया ते उश्गुली, उश्गुली ते मेस्तिया.
आईची औषधं अर्धी त्याची, अर्धी माझी,
गेल्या हिवाळ्यात त्याचं काम सुटलं तेव्हाही अर्धीच.
त्याच्या जमेल तेवढी,
आणि मग माझीही तेवढीच, हट्टानं.

"गाडी कशी आहे?" त्यानं विचारलं.
म्हटलं, "चालतेय. पुढच्या महिन्यात तू थोडं कमी पाठव.
मी जास्त घालते."
तो काही बोलला नाही.
मग म्हणाला, "चिचिकोला तेल बदलायला सांग."